दारूसोबत अनावर लैंगिक वर्तनही असेल, तर औषधोपचार कुठून सुरू करावा

दारूचं सांगायला माणूस फार आढेवेढे घेत नाही. कधीपासून, किती, देशी की हातभट्टी, सगळं दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. दुसरी गोष्ट मात्र केसपेपर लिहून झाल्यावर, उठून दारापर्यंत गेल्यावर निघते. मोबाईलवर रात्र रात्र जाते. पगार झाला की पाय आपोआप लॉजकडे वळतात. नको नको म्हणत तेच पुन्हा होतं. बरेच जण तर तेवढंही न बोलता निघून जातात. मग दारूच्या गोळ्या सुरू होतात, पण दुसरीकडचा ओढा तसाच राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तोच माणसाला पुन्हा बाटलीपर्यंत नेतो. म्हणून हा लेख पहिल्यांदाच दवाखान्याची पायरी चढणाऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहिला आहे. पुरुषांचे दाखले जास्त आलेत, कारण ओपीडीत तेच येतात. बायकांनाही हे दोन्ही त्रास होतात आणि उपचार तेच आहेत.

आधी हे पाहा, हा आजार आहे का

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, अनावर लैंगिक वर्तनाची स्वतंत्र नोंद आहे. ती व्यसनांच्या गटात नसून आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. निदानासाठी काही गोष्टी लागतात. ताबा सुटणं सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चाललेलं असावं, कमी करण्याचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि घर, काम, पैसा किंवा तब्येत यांपैकी कशाचं तरी खरंखुरं नुकसान होत असावं. सुख उरलेलं नसतानाही माणूस तेच करत राहतो, ही आणखी एक खूण.

त्याच नोंदीत असंही म्हटलंय की निव्वळ 'हे पाप आहे' या अपराधी भावनेवरून हे निदान करू नये. आपल्याकडे याची फार गरज आहे. हस्तमैथुन करतो म्हणून, 'धातू जाते' म्हणून, किंवा पुरुषाला पुरुष आवडतो म्हणून घाबरून आलेल्या पोरांना कुठलाही आजार नसतो. त्यांना औषध नको, दहा मिनिटं नीट समजावून सांगणारं कुणीतरी हवं असतं. बसस्टँडच्या मागच्या भिंतीवर गुप्तरोगाच्या ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांचा धंदा याच पोरांवर चालतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या. समोरच्याची मर्जी नसताना केलेलं काहीही 'आजारामुळे झालं' म्हणून माफ होत नाही, कायद्याने नाही आणि उपचारातही नाही. लहान मुलांबद्दल ओढ वाटत असेल तर, हातून काही घडायच्या आत, ती मानसोपचारतज्ज्ञाला लगेच सांगा. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि त्यात वेळ घालवून चालत नाही.

जाण्याआधी एक कागद भरा

डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग होतो तो एका उत्तराचा: दोन्हींत आधी काय येतं? काहींचं लैंगिक वागणं फक्त प्यायल्यावर सुटतं. काही जण न पिताही तेच करतात आणि नंतरच्या शरमेने पितात. तिसऱ्या प्रकारात ताण, भांडण किंवा एकटेपणा आला की हाताला जे लागेल ते, आज बाटली तर उद्या मोबाईल. तिघांचा उपचार सारखा नसतो.

म्हणून आठ-दहा दिवस नुसती नोंद ठेवा. किती प्यायलो, किती वाजता, त्याआधी काय झालं, नंतर काय केलं. पैसे हातात येण्याचे दिवस वेगळे लिहा. मोंढ्यात सोयाबीनची पट्टी मिळाली तो दिवस, मुकादमाकडून उचल घेतली तो दिवस, पगाराची तारीख. असे दिवस समोर मांडले की डॉक्टरला आणि तुम्हालाही धोका कुठे आहे ते लगेच दिसतं.

तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहून द्या. उदाहरणार्थ अशी:

"दारू रोज, नऊ वर्षांपासून. सकाळी हात थरथरतात. लैंगिक वागण्यावरही ताबा राहत नाही. रोज रात्री मोबाईलवर तीन-चार तास जातात, महिन्यातून एक-दोनदा पैसे देऊन संबंध येतात. न पिताही होतं. एकट्यात बोलायचं आहे."

एवढं पुरे. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आयुर्वेदिक आणि झाडपाल्याची औषधंसुद्धा.

कुठे जायचं

मानसोपचारतज्ज्ञाकडे. गुप्तरोगतज्ज्ञाची पाटी लावून महिन्यातून एकदा लॉजवर येणाऱ्याकडे नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे मानसोपचार विभाग आहेत. बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. जाण्याआधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीत बोलतो, आणि व्यसनासाठी १४४४६ आहे. दोन्ही मोफत.

खिडकीवर केसपेपर काढताना फक्त 'मानसोपचार' म्हणा. रांगेतल्या कुणाला काही सांगायची गरज नाही. आत गेल्यावर सोबतच्या माणसाला बाहेर बसवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. गावातलं कुणी दिसेल या भीतीने लोक शेजारचा जिल्हा गाठतात. गाठू द्या, पण दर पंधरा दिवसांनी एसटीने तेवढं अंतर झेपेल का, हा विचार आधीच करा. दूरच्या नामांकित दवाखान्यात एकदा जाऊन येण्यापेक्षा जवळच्या साध्या ओपीडीत सहा वेळा गेलेलं बरं.

आधी दारू, पण एकदम नाही

रोज पिणाऱ्याने देवाची शपथ घेऊन, माळ घालून एका दिवसात दारू तोडली, की घरच्यांना आनंद होतो. आम्हाला मात्र काळजी वाटते. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. गावात याला बाहेरची बाधा समजून माणसाला कुठे कुठे नेतात आणि तेवढ्यात जीव जातो. आधी कधी झटके आले असतील किंवा सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, तर दारू भरती होऊनच सोडायची.

या काळात डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड देतात आणि काही दिवसांत ते कमी करत बंद करतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्या स्वतःच्या मनाने चालू ठेवायच्या नाहीत, त्यांचीही सवय लागते. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. गावात दारू उतरवायला सरसकट ग्लुकोजचं सलाईन लावतात. कायम पिणाऱ्याला थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, तेव्हा सलाईन लावणाऱ्याला 'हा रोज पिणारा आहे' एवढं नक्की सांगा.

याच भरतीत रक्ताच्या तपासण्या उरकून घ्या. लिव्हरची एलएफटी, किडनीसाठी क्रिएटिनिन, साखर, आणि एचआयव्ही, गरमीसाठी (सिफिलिस) व्हीडीआरएल, कावीळ ब आणि क. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त असते. असुरक्षित संबंध गेल्या ७२ तासांतला असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात जाऊन संसर्ग रोखणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारा. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या कामाच्या.

मग चार-सहा आठवडे नीट पाहा

दारू सुटल्यावर काहींचं लैंगिक वागणंही आपोआप आवरतं. त्यांना त्यासाठी वेगळं औषध लागत नाही. काहींचं उलट होतं. बाटली सुटते आणि मोकळी संध्याकाळ दुसरा ओढा खाऊन टाकतो. हा फरक कळायला थोडा अवधी द्यावा लागतो. तोवर नोंदवही चालू ठेवा.

या काळात डॉक्टर आणखी एक गोष्ट तपासतात आणि ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. मधेच काही दिवस असे येतात का, की झोप दोन-तीन तास पण थकवा नाही, मोठमोठ्या बाता, उधळपट्टी, आणि नेमकं त्याच दिवसांत पिणंही वाढलेलं, बाकीचंही? मग हा दुध्रुवी (बायपोलर) विकार असू शकतो. त्याला लिथियमसारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं लागतात. नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस आणखी उसळतो. तसंच कंपवातासाठी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असेल, किंवा अ‍ॅरिपिप्राझोल चालू असेल, तर त्या गोळीनेच हे वागणं सुरू झालेलं असू शकतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं काही सुरू झालं असेल तर मेंदूची तपासणीही करून घ्यावी.

आणखी एक. वर्षानुवर्षे प्यायल्याने लिंगाचा ताठरपणा गेलेला असतो. दारू सुटल्यावर पुरुष घाबरून मेडिकलवरून 'ताकदीची गोळी' आणतात. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने असली सिल्डेनाफिलची गोळी घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. डॉक्टरलाच विचारा, त्यात नवीन काही नाही, ते रोज ऐकतात.

औषधं कोणती

आधी साफ सांगतो. अनावर लैंगिक वर्तनासाठी म्हणून खास मंजूर झालेली गोळी नाही. दुसऱ्या आजारासाठी मंजूर असलेली औषधं डॉक्टर अनुभवाने आणि अभ्यासांच्या आधारे देतात. हे बेकायदा नाही, मानसोपचारात नेहमी चालतं, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं.

दोन्ही त्रास एकत्र असतील तेव्हा सगळ्यात आधी नाव येतं ते नाल्ट्रेक्सोनचं. अमेरिकेत १९९४ पासून ते दारूसाठी मंजूर आहे. पिण्याने किंवा लैंगिक उत्तेजनेने मेंदूत अफूसारखी जी नैसर्गिक द्रव्यं सुटतात, त्यांची जागा ही गोळी अडवून धरते. त्यामुळे 'मजा' बोथट होते आणि ओढ हळूहळू ढिली पडते. इच्छा मरत नाही, बायकोजवळ जाता येत नाही असंही सहसा होत नाही. स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वीस पुरुषांना चार आठवडे नाल्ट्रेक्सोन दिलं आणि त्यांची लक्षणं कमी झाली. पण तुलनेसाठी खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणारा गट त्यात नव्हता. पोलंडमध्ये २०२२ साली ७३ पुरुषांवर नाल्ट्रेक्सोन, पॅरोक्सेटीन आणि खोटी गोळी अशी वीस आठवड्यांची तुलना झाली. दोन्ही औषधांकडून आशा आहे, पण एवढ्याशा आकड्यांवर छातीठोकपणे बोलू नये, असं माझं मत. दारूसाठी मात्र पुरावा भक्कम आहे. म्हणून दोन्ही असलेल्या माणसाला ही गोळी दारूसाठी द्यायचीच असते, दुसरीकडे फायदा झाला तर तो वरचा.

नेहमीचा डोस रोज ५० मिलिग्रॅम, बरेच डॉक्टर पहिले काही दिवस २५ देतात. पोट भरलेलं असताना घ्या, नाहीतर मळमळ होते. डोकेदुखी, चक्कर, सुस्ती पहिल्या आठवड्यात येते आणि बहुतेकांची जाते. एलएफटी पाहिल्याशिवाय सुरू करायची नाही. त्यातले एसजीओटी-एसजीपीटी हे लिव्हरची सूज दाखवणारे आकडे सामान्य मर्यादेच्या तीन ते पाच पटींवर असतील तर डॉक्टर थांबतात किंवा दुसरं औषध निवडतात. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

सगळ्यात मोठं पथ्य अफूच्या जातीच्या औषधांचं. ट्रामाडोल, कोडीनचं खोकल्याचं औषध, मॉर्फिन हे गेल्या सात ते दहा दिवसांत घेतलं असेल तर नाल्ट्रेक्सोन सुरू करू नका, अंगात एकदम भयंकर ओढाताण सुरू होते. अनेकांना आपण घेतो ती अंगदुखीची कॅप्सूल ट्रामाडोल आहे हेच माहीत नसतं, म्हणून पाकिटं सोबत न्यायला सांगितलं. पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवा, 'मी नाल्ट्रेक्सोन घेतो'. अपघात झाला तर नेहमीची वेदनाशामक इंजेक्शनं नीट लागू पडणार नाहीत हे डॉक्टरला कळायला हवं. ठरलेलं ऑपरेशन असेल तर आधीच सांगा, गोळी काही दिवस आधी थांबवतात.

दुसरा गट नैराश्य आणि चिंतेच्या गोळ्यांचा: सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन, पॅरोक्सेटीन. मन उदास असेल, काळजी आणि त्याच त्याच विचारांचं चक्र थांबत नसेल, तर या जास्त उपयोगी. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. वीर्यपतनाला उशीर, इच्छा कमी होणं हे यांचे नेहमीचे दुष्परिणाम. इथे ते काहींना सोयीचेच वाटतात. पण नवरा-बायकोचा संबंधही थंडावतो, आणि मग पेशंट न सांगता गोळी बंद करतो. अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. त्रास होत असेल तर सांगा, डोस कमी करता येतो किंवा गोळी बदलता येते. या गोळ्यांसोबत ट्रामाडोल घेणंही धोक्याचं.

लिव्हर फारच बिघडलेलं असेल तर दारूसाठी नाल्ट्रेक्सोनऐवजी अ‍ॅकॅम्प्रोसेट. ते किडनीतून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन पाहतात. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, म्हणजे सहा गोळ्या. शेतावर जाणाऱ्याकडून दुपारच्या हमखास राहतात. लैंगिक वागण्यावर तिचा काही परिणाम धरू नका. बॅक्लोफेनही लिव्हरच्या पेशंटला देतात, पण झोप येते आणि तेही अचानक सोडायचं नसतं.

पुरुषी संप्रेरक दाबणारी इंजेक्शनं असतात, तीही कुणीतरी ऐकून विचारतं. ती नवख्या माणसाची औषधं नाहीत. हाडं ठिसूळ होतात आणि दुसऱ्याला धोका असलेल्या वेगळ्याच आजारांत, कडक देखरेखीखाली ती देतात.

डायसल्फिराम आणि 'न कळता दारू सोडवा'

डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. समजून-उमजून, घरच्या माणसाच्या हातून रोज घेणाऱ्याला याचा चांगला उपयोग होतो. लैंगिक वागण्यासाठी ते औषध नाही. शेवटच्या दारूनंतर निदान बारा तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी प्रतिक्रिया येऊ शकते. हृदयविकार असेल किंवा भास होत असतील तर ते देत नाहीत. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोलही त्यासोबत चालत नाही, भ्रम होऊ शकतो.

हीच गोळी कुटून भाजीत, पिठात मिसळून 'त्याला न कळता' दिली जाते. कृपा करून हे करू नका. त्या बिचाऱ्या बायकोची अगतिकता कळते, पण त्या माणसाला काहीच माहीत नसतं, तो नेहमीसारखा क्वार्टर पितो आणि रस्त्यातच कोसळतो. बिननावाच्या पुड्या विकणारे त्यात काय आहे ते सांगत नाहीत.

डायसल्फिराम घेणाऱ्याने अश्वगंधारिष्ट, दशमूलारिष्टसारखी आसवं-अरिष्टं, होमिओपॅथीचे टिंक्चर, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, सगळं टाळायचं. त्यांत मद्यार्क असतो.

ऊसतोडीला, बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या आसपास बीड-धाराशिवकडची माणसं कारखान्यावर निघतात आणि उपचार तिथेच तुटतो. निघायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरला भेटा. रोज एकदाच घ्यायची गोळी मिळेल का विचारा, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा, आणि तिकडच्या तालुक्याला एलएफटी कधी करायची ती तारीख लिहून घ्या. नाल्ट्रेक्सोन प्रत्येक छोट्या मेडिकलवर मिळत नाही, शेवटची पट्टी उरली असतानाच शोधायला लागा. उचलीची रोकड शक्यतो घरच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर जमा करा.

घरच्यांसाठी थोडं

गोळी रोज समोर घ्यायला लावणं, इतकंच काम तुमचं. त्याचा मोबाईल तपासत बसणं, रोज रात्री कबुली घेणं यातून काही निघत नाही. बायकोने स्वतःच्या तपासण्या करून घ्याव्यात, काही लक्षण नसलं तरी. नवऱ्याचा आजार म्हणून तिने जबरदस्ती किंवा मार सहन करायचा नाही, १८१ ही महिला मदतवाहिनी त्यासाठीच आहे. डॉक्टर पेशंटच्या परवानगीशिवाय तिला सगळं सांगणार नाहीत, पण दोघांना एकत्र बसवून बोलता येतं आणि ते लवकर केलेलं बरं.

औषधासोबत समुपदेशन हवंच. ओढ आली की पुढची वीस मिनिटं काय करायचं, रात्री मोबाईल कुणाच्या खोलीत राहील, कोणता रस्ता टाळायचा, हे तिथे ठरतं. दारूसाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी सभा होतात, त्याही मोफत.

किती दिवस, आणि मधेच पाय घसरला तर

नाल्ट्रेक्सोन साधारण सहा महिने ते वर्षभर चालवतात. बंद करताना त्याचा त्रास होत नाही, पण बंद केल्यावर अफूजन्य औषधांचा जुना डोस शरीराला झेपत नाही, हे लक्षात ठेवा. सर्ट्रालीनसारख्या गोळ्या मात्र हळूहळू, डॉक्टर सांगतील तशाच उतरवायच्या.

मधेच प्यायलात तर कोणती गोळी चालू आहे त्यावर पुढचं अवलंबून. नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट असेल तर गोळी थांबवू नका, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी घ्या आणि डॉक्टरला कळवा. डायसल्फिराम असेल आणि छातीत धडधड, दम लागणं, चक्कर सुरू झाली तर १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठा. आणि जीव द्यावासा वाटत असेल, दारू किंवा ती दुसरी गोष्ट घडून गेल्यानंतरच्या रात्री तो विचार अनेकांना येतो, तर सकाळची वाट पाहू नका. १४४१६ चोवीस तास चालू असतो. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची असली तरी दुसऱ्या दिवशीच ओपीडीत जा, जुना केसपेपर दाखवलात तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.